इंग्रजीची परीक्षा आणि आपली वादविद्या

आपल्या संघटनेच्या गेल्या सभेत एक प्रस्ताव चर्चेला आला होता. परदेशी विद्यापीठांत पीएच.डी. करू इच्छिणारे तरुण वैद्य आता पुष्कळ भेटतात, त्यांना इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेचा अडसर होतो. तेव्हा संघटनेने एखाद्या खाजगी शिकवणी वर्गाशी करार करून सभासदांना शुल्कात सवलत मिळवून द्यावी आणि त्यातील काही भार संघटनेच्या निधीतून उचलावा, असा तो प्रस्ताव होता. निर्णय पुढील सभेवर ढकलण्यात आला आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु ही परीक्षा मी स्वतः दोनदा दिली आहे, तशाच एका वर्गात तीन महिने बसलो आहे आणि पहिल्या खेपेस अवघ्या अर्ध्या बँडसाठी दारातून परत फिरलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे माझा या प्रस्तावाला विरोध आहे. तो सभेतील दोन मिनिटांत मांडण्याजोगा नसल्यामुळे हा लेखनप्रपंच.

माझी पूर्वपीठिका सांगितल्याविना पुढील विवेचन समजणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बी.ए.एम.एस. झाल्यावर सतरा वर्षे तालुक्याच्या गावी चिकित्सालय चालविले. मध्यंतरी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. मधुमेहाचे रुग्ण आपली औषधे आणि आधुनिक औषधे एकाच वेळी कशी घेतात, आणि त्याविषयी कोणत्या चिकित्सकाला काय सांगतात व काय लपवितात, हा प्रश्न रोजच्या रुग्णतपासणीतूनच माझ्यापुढे उभा राहिला होता. इंग्लंडमधील एका विद्यापीठातील प्राध्यापकांनी त्या विषयात रस दाखविला. अट एकच होती. आयईएलटीएस या परीक्षेत सरासरी ७ बँड हवेत आणि चारांपैकी कोणत्याही अंगात ६.५ पेक्षा कमी नको. आमच्या एका ज्येष्ठ वैद्यमित्रांनी तेव्हा हसून म्हटले, “अहो, चाळिशीनंतर मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, स्वतःचा नव्हे.” मीही हसलो. इंग्रजी वर्तमानपत्र मी रोज वाचत होतो, औषधकंपन्यांचे प्रतिनिधी माझ्याशी इंग्रजीत बोलत, आणि मला वाटले होते की महिनाभराची उजळणी पुरे होईल.

परीक्षेचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९८९ पासून ही परीक्षा याच नावाने घेतली जाते. टोफेल आणि अन्य परीक्षाही पुष्कळ विद्यापीठे मान्य करतात, परंतु मी दिलेल्या परीक्षेविषयीच मी बोलू शकतो. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशी तिची चार अंगे. श्रवणाला सुमारे अर्धा तास आणि ४० प्रश्न; ध्वनिफीत एकदाच ऐकविली जाते. वाचनाला एक तास, तीन उतारे, पुन्हा ४० प्रश्न. लेखनाला एक तास आणि दोन कामे: पहिले किमान १५० शब्दांचे, आलेख किंवा तक्ता पाहून त्याचे वर्णन करण्याचे, दुसरे किमान २५० शब्दांचे, एखाद्या मतावर विवेचन करण्याचे. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. संभाषण परीक्षकासमोर, ११ ते १४ मिनिटे. गुण ० ते ९ या मोजपट्टीवर अर्ध्या-अर्ध्याने चढतात. निकाल साधारणतः दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, आणि शुल्क आजमितीस पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे. म्हणजे ‘देऊन तर पाहू’ असे म्हणण्याची ही गोष्ट नव्हे.

श्रवणाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कानाला सवय लागते, एवढेच. रोज अर्धा तास ऐकले तर तीन महिन्यांत ऑस्ट्रेलियन माणूसही समजू लागतो. मात्र ऐकलेल्या शब्दाचे स्पेलिंग चुकले की गुण गेला. वैद्यांच्या हस्ताक्षराआड आजवर पुष्कळ स्पेलिंगे लपली आहेत, आणि संगणकावर ती लपत नाहीत. मी परीक्षा संगणकावर दिली, त्यासाठी गावातील टंकलेखनाच्या संस्थेत बारावी झालेल्या मुलामुलींच्या ओळीत बसून दोन महिने बोटे चालवायला शिकलो, हेही येथे नमूद करतो. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. वेळेत न उमटलेला विचार परीक्षकाला दिसत नाही.

खरा धक्का वाचनाने दिला. वाचन हे तर आपले बलस्थान, असे मी धरून चाललो होतो. घरी सोडविलेल्या पहिल्या सराव-प्रश्नपत्रिकेत ४० पैकी माझी २४ उत्तरे बरोबर आली. चुकलेल्यांपैकी बहुतेक एकाच जातीच्या प्रश्नांत होती. त्या प्रश्नप्रकारात एक विधान देतात आणि विचारतात: उताऱ्यानुसार हे विधान सत्य आहे, असत्य आहे, की उताऱ्यात त्याचा उल्लेखच नाही? मी ‘उल्लेख नाही’ हे उत्तर जवळजवळ कधीच देत नसे. विधान मला पटले की ‘सत्य’, न पटले की ‘असत्य’. उताऱ्यात काय आहे यापेक्षा मला काय ठाऊक आहे, याच्यावर माझी उत्तरे उभी होती. कॉफीवरील उताऱ्यात ती झोप उडविते असे लेखकाने कोठेही म्हटले नव्हते. मी मात्र ते त्याच्या तोंडी घातले होते.

या चुकीचे मूळ शोधताना मला माझे संहितावाचन आठवले. आपल्याला ग्रंथ वाचायला शिकविताना तंत्रयुक्ती शिकविल्या जातात. चरकसंहितेत छत्तीस, सुश्रुतसंहितेत बत्तीस. त्यांत वाक्यशेष आहे, म्हणजे न उच्चारलेले पद वाचकाने भरून घ्यायचे. अर्थापत्ती आहे, म्हणजे सांगितलेल्यावरून न सांगितलेले काढायचे. सूत्ररूप ग्रंथासाठी ही साधने अपरिहार्यच आहेत. मात्र आपण ती इतकी अंगवळणी पाडून घेतली आहेत की कोणताही मजकूर आपल्यासमोर आला की त्यातील मोकळ्या जागा आपण आपल्या ज्ञानाने भरूनच पुढे जातो. लेखकाने काय म्हटले, त्यावरून काय निघते आणि आपल्याला काय म्हणावेसे वाटते, या तीन गोष्टी आपल्या डोक्यात एकत्र नांदतात. संशोधनाच्या जगात त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. मी त्यानंतर एक सवय लावून घेतली. उत्तर लिहिण्यापूर्वी उताऱ्यातील नेमक्या ओळीवर बोट ठेवायचे. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ‘उल्लेख नाही’. दोन महिन्यांत गुण ३३-३४ च्या घरात गेले. त्या काळात माझे इंग्रजी विशेष सुधारले होते असे मला वाटत नाही.

आता लेखन. पहिल्या परीक्षेत मला दुसऱ्या कामासाठी आलेला प्रश्न साधारणतः या धर्तीचा होता: शासनाने रोगांच्या उपचारापेक्षा प्रतिबंधावर अधिक खर्च करावा असे काहींना वाटते, इतरांना तसे वाटत नाही; दोन्ही मतांची चर्चा करून आपले मत द्या. प्रश्न वाचून मला मनातल्या मनात आनंदाचे भरते आले. वैद्याला यापेक्षा सोपा प्रश्न कोणता? दिनचर्या, ऋतुचर्या, सद्वृत्त, रसायन असे सगळे स्वस्थवृत्त मी तीनशे शब्दांत बसविले. सुरुवात ‘सिन्स टाइम इममेमोरियल’ अशी केली होती. बाहेर आलो तो विजयी मुद्रेने. निकाल आला: श्रवण ७.५, वाचन ७.५, संभाषण ६.५, लेखन ६. सरासरी ७ भरली, परंतु लेखनाने घात केला. त्या वर्षीचा प्रवेश गेला, आणि ज्या शिष्यवृत्तीसाठी प्राध्यापकांनी माझे नाव सुचविले होते ती साहजिकच दुसऱ्याला मिळाली. एकाच अंगाची परीक्षा पुन्हा देण्याची सोय आता आहे. परंतु ती सगळ्याच विद्यापीठांना मान्य नसते, माझ्या विद्यापीठाला नव्हती.

माझे काय चुकले, हे शिकवणी वर्गात मला कोणी सांगू शकले नाही. येथे प्रस्तावाच्या मुद्द्याशी मी येतो. त्या वर्गात माझ्याखेरीज सारी एकोणीस-वीस वर्षांची, परदेशी पदवीला जाऊ इच्छिणारी मुले होती. त्यांच्यासाठी तो वर्ग कदाचित ठीकच असेल. शिकविण्याची पद्धत अशी: प्रत्येक निबंधाची पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये तयार, ती पाठ करायची, मध्ये विषय भरायचा. दोनशे ‘भारी’ शब्दांची यादी, त्यातील दहा तरी प्रत्येक निबंधात पेरायचे. त्या यादीत ‘प्लेथोरा’ हा शब्द अग्रस्थानी होता. हा शब्द मुळात वैद्यकाचाच, शरीरातील रक्ताच्या अतिवृद्धीचा. निबंधांत त्याचीच अतिवृद्धी झालेली पाहून मला गंमत वाटे. बी.ए.एम.एस.ला आम्ही श्लोक पाठ केले होते, येथे साचे पाठ केले. पाठांतर ही आपल्या हातातील सर्वांत सरावाची गोष्ट असल्यामुळे वैद्याला हा वर्ग आवडतो, हाच त्यातला धोका आहे. परीक्षक पाठ केलेली उत्तरे ओळखण्यास शिकलेले असतात. गुणदान चार कसोट्यांवर होते: विचारलेल्याचे उत्तर दिले का, मांडणीत संगती आहे का, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारांना सारखेच वजन आहे. वर्गात शेवटच्या दोन कसोट्यांवर भर होता. मी पडलो पहिल्या दोनांत.

मला वाट दाखविली ती आमच्याच गावातील महाविद्यालयातून इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या एका सरांनी. ते माझे संधिवाताचे रुग्ण. मी आठवड्याला दोन निबंध लिहून न्यायचो, ते तांबड्या पेन्सिलीने वाचायचे. पहिलाच निबंध परत देताना म्हणाले, “वैद्यराज, तुम्ही रोग्याला न तपासताच औषध लिहिता. प्रश्नात दोन पक्ष आहेत. दुसऱ्या पक्षाचा माणूस तुमच्या निबंधात कोठे आहे?” आलेखाच्या वर्णनातही तेच. ऐंशी सालानंतर रेघ खाली गेली एवढेच सांगायचे असताना मी ती का गेली याचा हेतू सांगत बसे. “आधी दर्शन, मग निदान, हे तुमच्याच शास्त्रात आहे ना?” असे त्यांनी विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री घरी येऊन मी चरकसंहितेतील विमानस्थानाचा आठवा अध्याय पुन्हा काढला. पदवीच्या वर्षांत तो आपण दशविध परीक्षेपुरता वाचतो. वादमार्गाची चव्वेचाळीस पदे ‘परीक्षेला येत नाहीत’ म्हणून सोडून देतो. तेथे स्थापना कशी करावी हे सांगितले आहे: प्रतिज्ञा, हेतु, दृष्टांत, उपनय, निगमन. आचार्यांनी उदाहरण म्हणून पुरुष नित्य आहे हे या पाच अवयवांत मांडले, आणि लगेच त्याच पाच अवयवांत पुरुष अनित्य आहे अशी प्रतिष्ठापनाही मांडून दाखविली. दोन्ही पक्ष सारख्याच प्रामाणिकपणे, सारख्याच साधनांनी. त्यापुढे वाक्यदोष सांगितले आहेत: न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक, विरुद्ध. आयुर्वेदाविषयी बोलत असताना भलत्याच शास्त्राचे बोलणे, किंवा तेच पुन्हा पुन्हा बोलणे, हा ‘अधिक’ नावाचा दोष. सरांच्या तांबड्या खुणा मी या पाच नावांखाली लावून पाहिल्या. माझ्या अनादिकालाच्या प्रस्तावनेला ‘अनर्थक’ लागू पडत होता, ऋतुचर्येच्या तपशिलाला ‘अधिक’, आणि पूर्वपक्ष नसणे हे ‘न्यून’.

आयेल्ट्स चरकात होते, असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. प्रत्येक नवी गोष्ट आपल्या ग्रंथात आधीच होती असे सिद्ध करण्याच्या छंदाने आपले पुरेसे नुकसान केले आहे. मला एवढेच सांगायचे आहे की ज्या कौशल्याची ही परीक्षा कसोटी घेते ते आपल्या परंपरेला परके नव्हते. ते आपण अभ्यासक्रमाच्या कडेला ठेवले आणि विसरलो. आपल्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा बहुपर्यायी असतात. त्यांत एकही वाक्य रचावे लागत नाही. आमच्या वेळी पदवीच्या उत्तरपत्रिका आम्ही मराठी, संस्कृत आणि इंग्रजी यांच्या अशा मिश्रणात लिहीत असू की त्याला कोणत्याच भाषेचे व्याकरण लागू पडत नसे, आणि गुण मात्र मिळत असत. चाळिशीच्या वैद्याला इंग्रजी येत नाही हे अर्धसत्य आहे. सलग तीन परिच्छेदांचा युक्तिवाद त्याने मराठीतही कधी लिहिलेला नसतो.

संभाषणाचे थोडक्यात सांगतो. तेथे वाद जिंकायचा नसतो. चरकाचार्यांच्या भाषेत ती संधाय संभाषा, विगृह्य नव्हे. ‘मायसेल्फ डॉक्टर अमुक’ असे सुरू केले की पहिल्याच वाक्याला खडा लागतो. माझी अडचण निराळी होती. परीक्षकाने सहज विचारले, तुमच्या शास्त्रात पचनाला एवढे महत्त्व का? मी ‘डायजेस्टिव्ह फायर’ म्हणालो आणि पुढे मला बोलताच येईना. जो शब्द मी रोज पन्नास वेळा उच्चारतो, त्याचा अर्थ वैद्य नसलेल्या माणसाला समजेल असा मी कधी सांगितलाच नव्हता. पुढे मी एक सराव केला: अग्नी, आम, स्रोतस, ओज यांपैकी रोज एक संज्ञा घ्यायची आणि संस्कृत शब्द न वापरता दोन मिनिटे इंग्रजीत तिच्याविषयी बोलायचे. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत संपलो. हा सराव परीक्षा न देणाऱ्यांनीही एकदा करून पाहावा, मराठीत केला तरी चालेल.

फार्मसीचालक बंधू येथवर वाचून म्हणतील, पीएच.डी.ची हौस चार जणांना, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो पैशाचाही आहे. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यानंतर आमच्याकडे झालेल्या सभेत मीही तावातावाने बोललो होतो. परकीयांचे कारस्थान, शास्त्रोक्त भस्मांचे अज्ञान वगैरे वगैरे. तो निबंध मी वाचलेला नव्हता. सभेतील कोणीच वाचलेला नव्हता, असे आज मी सांगू शकतो.

परीक्षेच्या तयारीत वाचनाचा सराव म्हणून मी तो वाचला, आणि त्याच संशोधकांचा २००८ सालचा दुसरा निबंधही वाचला. दुसऱ्या तपासणीत आंतरजालावरून मागविलेली १९३ औषधे होती, आणि सुमारे २१ टक्क्यांत हे धातू सापडले. त्याच निबंधात आपल्या उपयोगाची एक गोष्ट स्पष्ट छापलेली आहे: अमेरिकेत बनविलेल्या आयुर्वेदीय औषधांत हे प्रमाण २१.७ टक्के आणि भारतात बनविलेल्यांत १९.५ टक्के होते. म्हणजे ‘भारतीय माल तेवढा सदोष’ असे म्हणणाऱ्याला उत्तर त्यांच्याच तक्त्यात होते. आपल्यापैकी कोणी ते दाखविल्याचे मला आठवत नाही. त्याच तक्त्यात आपल्याला टोचणारी गोष्टही आहे: रसकल्प नसलेल्या औषधांतही सुमारे १७ टक्क्यांत धातू आढळले होते. त्यांच्या बाबतीत भस्मसिद्धीचा युक्तिवाद चालत नाही. तेथे प्रश्न कच्च्या द्रव्याचा, मातीचा आणि आपल्या कारखान्यातील भांड्यांचा येतो. आणखी एक मुद्दा: २००४ च्या तपासणीची पद्धत धातूचे एकूण प्रमाण मोजणारी होती, तो कोणत्या रासायनिक रूपात आहे हे सांगणारी नव्हती. रससिंदुरासारख्या कल्पातील पारा आणि मोकळा पारा एकच का, हा प्रश्न विचारण्याची खरी जागा ती होती. तो प्रश्न संपादकांना पत्र लिहून विचारता आला असता. त्या पत्राला दोनशे-अडीचशे शब्द लागले असते, म्हणजे बरोबर आयेल्ट्सच्या दुसऱ्या कामाएवढे.

हे चालूच राहणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या संज्ञांचा प्रमाण-संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. जानेवारी २०२४ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या निदानसंज्ञा समाविष्ट करणारा विभाग जाहीर झाला. एखाद्या संज्ञेचे भाषांतर आपल्याला पटले नाही, तर आक्षेप मराठीत नोंदवून तो तेथे पोहोचणार नाही.

याला माझ्या ज्येष्ठ मित्रांचा आक्षेप असा की आपण परक्या भाषेच्या दारात किती दिवस उभे राहायचे. ज्यांना गरज असेल त्यांनी संस्कृत शिकावे. या आक्षेपात तथ्य आहे. हॉलंडमधील मोयलनबेल्ड यांनी संस्कृत शिकूनच भारतीय वैद्यक वाङ्मयाचा इतिहास १९९९ ते २००२ या काळात अनेक खंडांत लिहिला, आणि तो आपल्या कोणत्याही वैद्याने लिहिलेल्या इतिहासाहून अधिक तपशीलवार आहे. परंतु हे उदाहरण आक्षेपाच्या बाजूने जाते की विरुद्ध, याचा विचार व्हावा. त्यांनी आपली भाषा शिकली आणि लिहिले इंग्रजीत. म्हणूनच आपल्या ग्रंथांविषयी जगाला जे कळले ते त्यांच्याकडून कळले. संस्कृत येणारे आपण पुष्कळ आहोत. त्यांना काय दिसते ते जगाला वाचता येईल असे लिहिणारे किती, हा माझा प्रश्न आहे. मराठीचा किंवा संस्कृतचा अभिमान मला कोणाहून कमी नाही. हा लेखही मी मराठीतच लिहीत आहे.

तेव्हा प्रस्तावाला पर्याय सुचवितो. संघटनेने सवलतीसाठी जो निधी ठेवायचे योजिले आहे त्यातून शिकवणी वर्गाला एक पैसाही देऊ नये. प्रत्येक तालुक्याच्या गावी इंग्रजीचे एखादे निवृत्त प्राध्यापक असतात. त्यांना मानधन द्यावे आणि परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या सभासदाचे किमान तीस निबंध त्यांनी तपासून द्यावेत, अशी व्यवस्था करावी. केंब्रिजने प्रसिद्ध केलेली जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तके संघटनेच्या वाचनालयात ठेवावीत. तयारीचे अन्य साहित्य मला तरी लागले नाही. आणि महिन्यातून एकदा आयुर्वेदाविषयीचा एक इंग्रजी शोधनिबंध सर्वांनी मिळून वाचावा. निबंध आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध, प्रत्येक विधानापुढे सत्य, असत्य किंवा उल्लेख नाही असे लिहावे. यात परीक्षा न देणाऱ्या सभासदांचा, विशेषतः फार्मसीचालकांचा, तेवढाच लाभ आहे. या योजनेवर पहिला आक्षेप वेळेचा येईल, हे मी जाणतो. सकाळी पाच ते साडेसहा आणि दवाखाना बंद झाल्यावर रात्री अर्धा तास, याखेरीज मलाही वेळ नव्हता. आठ महिन्यांनंतर दुसऱ्या परीक्षेत लेखनाला ७ मिळाले. प्रवेशाचे पत्र आले आहे, शिष्यवृत्तीचा अद्याप पत्ता नाही, आणि दवाखाना कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न घरात रोज निघतो. असो.

संघटनेच्या निर्णयाची वाट न पाहता आम्ही चौघांनी रविवारी दुपारी माझ्या दवाखान्यात असे वाचन सुरू केले आहे. तीन वैद्य आणि एक फार्मसीचालक. त्यांच्याकडे मॉरिशसहून एका खरेदीदाराचे पत्र आले होते. महानारायण तैलाच्या बाटलीसोबतच्या इंग्रजी पत्रकात ‘सर्व वातविकारांवर उपयुक्त’ असे छापले होते, आणि खरेदीदाराने विचारले होते: सर्व म्हणजे कोणते, किती तेल, किती दिवस, आणि त्वचेवर जखम असल्यास काय? “डॉक्टरसाहेब, चार ओळींचं पत्रक आहे, एवढं काय त्यात?” असे म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले होते. त्या चार ओळींवर आमचे दोन रविवार गेले. ‘सर्व’ हा शब्द काढायचा की नाही, यावर दोघे वैद्य अजून एकमेकांशी सहमत नाहीत. येत्या रविवारी तिसरा खर्डा वाचायचा आहे.